मराठवाड्याच्या स्त्रियांचे येणे

सिल्लोड तालुक्यात मिरचीच्या तोडणीला किंवा कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईच्या लेखी जो हाताला काम करू देत नाही तोच खरा आजार. आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला गावात पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही, की मजुरीचा एक दिवस बुडवीत नाही. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे ही लक्षणे प्रकट होतात तेव्हा व्याधीने बहुधा बरीच मजल मारलेली असते, आणि ती लक्षणेही सासू-जावांपासून लपविण्यात महिने निघून जातात. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू होतात. भारतात २०२२ साली या रोगाने सुमारे ऐंशी हजार स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

हे मरण टाळता येते, ही गोष्ट मी जरा आग्रहाने सांगणार आहे. या कर्करोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत, म्हणजे एचपीव्हीत आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले आणि त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. परंतु तो इतका सर्वसाधारण आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच, आणि म्हणून त्यावरून कोणाच्या चारित्र्याची चौकशी मांडणे हे अज्ञानाचे आणि क्रौर्याचेही लक्षण होय. बहुतेकींच्या शरीरातून तो दोन-एक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या ठायी तो मुक्काम ठोकतो त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडू लागतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात. निसर्गाने दिलेली एवढी प्रदीर्घ मुदत फार थोड्या कर्करोगांत मिळते.

या मुदतीचा उपयोग कसा करावा, याचा पुरावा मराठवाड्यातच उभा राहिला. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील उपरोक्त संशोधन संस्था यांनी १९९९ च्या ऑक्टोबरात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गावांचे ५२ समूह पाडून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर एक विशाल प्रयोग आरंभिला. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली. दुसऱ्या गटातील स्त्रियांच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उमटतो काय ते नुसत्या डोळ्यांनी तपासले. आणि चौथ्या गटाला माहिती तेवढी देऊन नेहमीची सरकारी सेवा होती तशीच ठेवली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने मृत्यू पावल्या, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र तेथे मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही.

चौथ्या गटाला तपासणीवाचून ठेवण्यावर पुढे तीव्र नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला अप्रस्तुत वाटत नाहीत. चौसष्ट हा आकडा कागदावर लहान दिसतो; पण त्या खेड्यापाड्यांतल्या बाया होत्या, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यामुळेच चाचणीचे मोल जगाला पटले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणी हीच प्राथमिक तपासणी म्हणून स्वीकारावी अशी शिफारस केली, तिच्या आधारांत धाराशिवच्या या दप्तराचाही समावेश आहे. ज्या मुलखाने हा पुरावा दिला त्या मुलखाचा या चाचणीवर पहिला हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात दोघींचीसुद्धा या कर्करोगासाठी कधी तपासणी झालेली आढळली नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी करण्याची तरतूद आहे. ती टाकाऊ नव्हे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांकरवी ती दर दोन वर्षांनी करविली, तेव्हा बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. परंतु तिचे यश तपासणाऱ्याच्या सरावलेल्या नजरेवर आणि वारंवारतेवर अवलंबून असते.

लसीची कथा थोडक्यात सांगतो. हा रोग होणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रियांत १६ आणि १८ क्रमांकाचे विषाणू कारणीभूत असतात, आणि त्यांना अडविणारी ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार करून २०२३ च्या जानेवारीत बाजारात आणली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पी भाषणात नऊ ते चौदा वयाच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची घोषणा झाली. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग एकीलाही झालेला आढळला नाही, असे २०२४ साली जाहीर झाले. मात्र लस संसर्गापूर्वी द्यावयाची असते. झालेला संसर्ग ती बरा करीत नाही. म्हणजे आजच्या मुलीला लस आणि तिच्या आईला चाचणी, अशी दुहेरी तजवीज हवी. आणि ज्या मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन अर्धे वर्ष शाळेच्या हजेरीपटावरच नसतात, त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर वेगळी व्यवस्था ठेवावी लागेल.

सिल्लोडपुरते बोलायचे तर एक भीती आधी दूर केली पाहिजे. तपासणीला गेले की पिशवी काढायला सांगतात, ही समजूत निराधार नाही; बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला होता. परंतु पेशींतील प्राथमिक बिघाडासाठी पिशवी काढावी लागत नाही; तो बहुधा तेवढाच भाग उष्णतेने किंवा थंडाव्याने नष्ट करून बरा होतो, त्याला काही मिनिटे पुरतात, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. एचपीव्हीचा नमुना तर स्त्रीला आडोशाला जाऊन स्वतःच मऊ काडीने घेता येतो. परक्या माणसासमोर टेबलावर निजण्याचा संकोच उरत नाही. तो नमुना आशाताईंनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावा, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने तपासावा, अहवाल नावनिशीवार पण बंद पाकिटात परत यावा आणि दोष निघाल्यास उपचार सिल्लोडच्या सरकारी दवाखान्यातच व्हावा, अशी साखळी बांधणे तालुक्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. तीत सर्वांत नाजूक कडी अहवालानंतरची आहे: जिचा दोष निघाला ती उपचाराला पोचली की नाही, याची नोंद ठेवणारे एक दप्तर आणि ते दर महिन्याला उघडून पाहणारा एक जबाबदार अधिकारी नसेल, तर नमुने घेतल्याचे श्रेय आकड्यांत दिसेल आणि बाई मात्र घरीच राहील.