सुटकेचं देणं चारचौघांत

समुद्रावरून जिवंत परतलेल्या माणसाने देवाचं देणं कसं फेडावं, याचा जुना शिरस्ता बायबलमधल्या १०७व्या स्तोत्रात सापडतो. रानात वाट चुकलेले, अंधारकोठडीतले कैदी, अन्नावरची वासना उडालेले आजारी आणि वादळात सापडलेले दर्यावर्दी अशा चौघांची त्यात सुटका होते. चौघांनाही सांगणं एकच, देवाने केलेले उपकार उघडपणे माना. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाच्या उत्तन, पाली, चौक या गावांतल्या ख्रिस्ती कोळ्यांना यातला चौथा माणूस परका नाही.

दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाणी पुष्कळ, पण आभारही आहेत. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्तोत्रांची वर्गवारी लावली, तेव्हा एकट्या माणसाचं उपकारस्तवन हा वेगळा प्रकार ठरला. ३०वं आणि ११६वं स्तोत्र त्यातली ठळक. संकट काय होतं, हाक कशी मारली, सुटका कशी झाली, अशी त्यांची साधारण घडण. ११६व्यात तर सगळ्या लोकांदेखत नवस फेडण्याचा निर्धार दोनदा येतो.

आभार नुसते तोंडी नसत. बायबलच्या लेवीय या पुस्तकातल्या सातव्या अध्यायातला नियम असा, की उपकारस्तुतीच्या बळीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही. एका घराला ते कसं संपावं? पंगत बसवणं ओघानेच आलं.

पुढे ज्यू परंपरेने १०७व्या स्तोत्रातल्या त्या चौघांना आभारास बांधील मानलं, आणि आभाराची प्रार्थना दहा जणांच्या साक्षीने म्हणायचा प्रघात पडला. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी आभाराला आपला घाट दिला. नवस फळला, घरचं माणूस आजारातून उठलं, की एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा. ओलं खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं, आणि ताटाभोवती सोयरेधायरे.

किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांतही असं उघड देणं दिसतं. उत्तनला वेलंकनी मातेचं, म्हणजे मरियमेचं, तीर्थस्थान आहे. मूळ स्थान तमिळनाडूत. वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांनी तिथे चर्च उभारलं, अशी आख्यायिका. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. ज्याचं जे दुखणं, त्याची तशी प्रतिमा, सगळ्यांना दिसेल अशी.

पण या उघडपणाला एक बोच आहे. एक होडी परतते, एखादी परतत नाही. आणि आभाराचं गाणं दोन्ही घरांच्या कानी पडतं. स्तोत्रसंहितेला हे ठाऊक असावं. ८८वं स्तोत्र सुटकेशिवाय, काळोखातच संपतं, तरीही संकलकांनी ते वगळलं नाही. वाचलेल्याने मोठ्याने सांगावं, पण न वाचलेल्याच्या घरचं गाऱ्हाणंही त्याच पुस्तकातलं मानावं. या अटीवरच वाचलेल्याची कृतज्ञता गावाला पचते.