पेरू पाहा, पण बेताबेतानं!

माचूपिच्चूच्या ओढीनं बहुतेक प्रवासी लिमाला उतरतात आणि लगेच कुस्कोचं विमान पकडतात. घोटाळा होतो तो इथेच. समुद्रकाठावरून सव्वा तासात ३,४०० मीटरवर पोचलं की डोकं ठणकतं, मळमळतं, चार पायऱ्यांत धाप लागते. हाताशी तीन आठवडे असतील तर थोडी वाकडी वाट धरा.

आधी बसनं दक्षिणेला इका. गावाबाहेरच वाळूच्या डोंगरांनी वेढलेलं वाकाचिनाचं तळं आहे. मग ज्वालामुखींच्या पायथ्याचं अरेकिपा, उंची सुमारे २,३०० मीटर. पांढऱ्या दगडांच्या या देखण्या शहरात तीन-चार दिवस रमतगमत काढा. शरीर विरळ हवेला सरावू लागतं. पुढचं टिटिकाका सरोवर ३,८०० मीटरवर, तेव्हा तिथे पहिला दिवस निव्वळ आराम. दुसऱ्या दिवशी उरो लोकांची तरंगती बेटं पाहा. बेटं कसली, तोतोरा गवताचे जाड थरच ते! खालचं गवत कुजतं, वर नवं अंथरायचं, हे बारमाही काम. त्यानंतर कुस्को. माचूपिच्चू त्याहून हजारेक मीटर खाली आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? शेवटचे दिवस पुएर्तो माल्दोनादोजवळच्या ॲमेझॉनच्या जंगलासाठी राखा.

आपली मे महिन्याची सुट्टी इथे सोयीची, कारण डोंगरात तेव्हा कोरडा हंगाम असतो. आई-वडील सोबत असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. तिकडे हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा सर्रास मिळतो, पण ती पानं बॅगेतून आणू नका. आपल्याकडे तो गुन्हा आहे.