महासंगणकाची चौकशी

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक दाखल झाला आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्या पुढच्या पिढीचा ‘अर्का’ राष्ट्रार्पण झाला. ‘अर्का’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहा कोटी कोटी गणिते, असे सांगितले तरी सामान्य वाचकाला त्या आकड्याचा ठाव लागणे कठीणच. त्यापेक्षा असे सांगावे, की ज्या हवामान-प्रारूपाचे गणित पुरे करावयास ‘प्रत्युष’ला दहा तासांपर्यंत अवधी लागे, ते ‘अर्का’ सुमारे चार तासांत उरकतो. आणि कोकणातल्या अतिवृष्टीचा इशारा ज्याला वेळेवर द्यावयाचा आहे, त्याला या मधल्या सहा तासांचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु असले यंत्र एकदा उभे केले म्हणजे ते आपल्या छापील क्षमतेने अहोरात्र राबत राहील, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. महासंगणक म्हणजे एक संगणक नव्हे, तर जलद तारांनी जोडलेल्या शेकडो-हजारो सर्व्हरांचा, म्हणजे या व्यवसायाच्या भाषेत ‘नोडां’चा, समुदाय होय. पृथ्वीच्या वातावरणाचे लहान लहान चौकोन पाडून ते या नोडांमध्ये वाटून दिलेले असतात, आणि गणिताचे प्रत्येक पाऊल टाकल्यावर प्रत्येक नोडाला शेजाऱ्याचे उत्तर हाती येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे हजारांतला एक जरी नोड रेंगाळला, तरी उरलेले सारे त्याच्यासाठी खोळंबतात, आणि हा खोळंबा बाहेरून पाहणाऱ्याला कोठेच दिसत नाही, कारण सगळे दिवे तर हिरवेच लुकलुकत असतात.

अशा वेळी सर्व्हरांची कार्यक्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरात एक निदान-कार्य, इंजिनीअर मंडळींच्या तोंडी नुसता ‘टास्क’, तयार करावा लागतो. हा टास्क म्हणजे रीतसर बांधून दिलेला चौकशीचा हुकूमच. चौकशी कोणत्या नोडांची, त्यांचे कोणकोणते आकडे टिपावयाचे, दर किती सेकंदांनी टिपावयाचे, आरंभ ठरल्या घटकेला करावयाचा की एखादा आकडा मर्यादेबाहेर गेल्यावर आपोआप, मुदत किती, नोंदी कोठे साठवावयाच्या आणि अहवाल कोणापुढे ठेवावयाचा, हे सारे त्यात आधीच नमूद केलेले असते. विंडोजच्या ‘परफॉर्मन्स मॉनिटर’मध्ये हाच प्रकार तयार साच्यांच्या रूपाने मिळतो, लिनक्सवर ‘सार’, ‘व्हीएमस्टॅट’, ‘पर्फ’ अशी निरनिराळी अवजारे घेऊन तो ज्याचा त्याने जुळवावा लागतो.

यातील खरे कसब आकडे निवडण्यात आहे. समजा, एक नोड मागे पडतो आहे आणि टास्क लावणाऱ्याने केवळ प्रोसेसर किती टक्के गुंतलेला आहे एवढेच टिपावयास सांगितले आहे. अहवाल येतो: शंभर टक्के. शेजारचा निरोगी नोडही शंभर टक्केच दाखवतो. बँकेच्या किंवा तिकीटविक्रीच्या सर्व्हरावर हा आकडा पाहून माणसे धावपळ करतील. महासंगणकात मात्र तो सुदृढपणाचे लक्षण मानतात, कारण येथे प्रोसेसर रिकामा बसणे हाच अपव्यय. पण त्याच टास्कात प्रोसेसराचे तापमान आणि त्याच्या घड्याळाचा वेग, असे आणखी दोन आकडे मागितले असते, तर खरा प्रकार पहिल्या दहा मिनिटांत उघड झाला असता: एक पंखा मंदावलेला, त्यामुळे प्रोसेसर तापलेला, आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने आपला वेग उतरवलेला. तो शंभर टक्के राबत होता हे खरेच. फक्त सावकाश राबत होता. प्रश्न अर्धा विचारला की यंत्र अर्धेच उत्तर देते, आणि ते अर्धे उत्तरही तंतोतंत खरे असते, ही यातली मोठी गोम.

या बाबतीत अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ‘एएससीआय क्यू’ या महासंगणकाची हकिकत या क्षेत्रात आजही सांगितली जाते. २००२-०३ च्या सुमारास तेथील संशोधकांच्या असे ध्यानी आले, की त्यांचा एक महत्त्वाचा प्रोग्राम अपेक्षेच्या जवळजवळ निम्म्याच वेगाने चालतो आहे. प्रत्येक नोडात चार प्रोसेसर होते. त्यांपैकी तीनच कामाला लावले, तर मोठ्या कामात चारांपेक्षा वेग अधिक मिळे, हा तर सकृद्दर्शनी चमत्कारच. यंत्रात बिघाड म्हणावा, तर तपासणीत प्रत्येक भाग धडधाकट. अखेर बारकाईने मोजमाप करता असे निष्पन्न झाले, की नोडांवर चालणारी किरकोळ कारभारी कामे, म्हणजे देखरेख, हजेरी, नोंदी वगैरे, मधूनमधून प्रोसेसराचे लक्ष क्षणभर वेधून घेत होती. एकेका नोडापुरता हा व्यत्यय क्षुल्लक; परंतु प्रत्येक पावलाला सर्वांनी सर्वांसाठी थांबावयाचे म्हटल्यावर कोणाचा ना कोणाचा व्यत्यय प्रत्येक पावलाच्या आड येई. काही कामे बंद केली, काही हलवली, आणि यंत्रात एकाही नव्या प्रोसेसराची भर न घालता त्या प्रोग्रामाचा वेग दुप्पट झाला.

देखरेख हीच व्याधीचे एक कारण ठरू शकते, हे या हकिकतीने दाखवून दिले; तरी ‘असू द्या, मोजून ठेवलेले केव्हा तरी उपयोगी पडेल’ म्हणून जे जे मोजता येईल ते ते मोजण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही. त्याचा हिशेब सोपा आहे. एक हजार नोड, प्रत्येकाचे शंभर आकडे, दर दहा सेकंदांनी टिपले, तर एका दिवसात शहाऐंशी कोटींवर नोंदी जमतात. हेच दर सेकंदाला टिपावयाचे ठरवले, तर आठशे चौसष्ट कोटी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालांमागून रुमाल बांधून पडलेच होते, पण गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवड करून पंचेचाळीस खंड छापले, तेव्हा कोठे अभ्यासकांना त्या राशीत वाट सापडली. संगणकाच्या नोंदींना असा सरदेसाई सहसा लाभत नाही. म्हणून जाणते लोक नेहमीच्या दिवसांत मोजकेच आकडे, तेही मिनिटा-मिनिटाला, टिपतात, आणि यंत्र निरोगी असतानाचे ते आकडे तुलनेसाठी जपून ठेवतात. बारीक चौकशीचा टास्क तयार करून ठेवलेला असतो, पण तो संशय येईल तेव्हाच आणि संशयित नोडांपुरताच सुरू होतो.

पुण्याला ही विद्या नवी नाही. १९८८ साली येथे सी-डॅक या प्रगत संगणनाच्या संस्थेची स्थापना झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला, आणि अनेक महासंगणकांवर एकत्र नजर ठेवणारी ‘सी-चक्षू’ ही प्रणालीही याच संस्थेने घडवली. गणिताच्या वेगाचे कौतुक वर्तमानपत्रांत छापून येते; त्या वेगावर पहारा ठेवणाऱ्या अशा कामाची वार्ता क्वचितच कोणी देतो, हे काहीसे अन्यायाचे आहे.

टास्क लावणे जितके सोपे, तितकेच तो काढणे विस्मरणाचे. मुदत न घातलेला टास्क लावणारा इंजिनीअर नोकरी बदलून बंगळूरला जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, तोही जातो. टास्क आपला दर सेकंदाला इमानाने आकडे टिपत डिस्क भरीत राहतो, आणि एके दिवशी डिस्क तुडुंब भरून सर्व्हर अडकला, की त्या अडकण्याचा शोध घेण्यासाठी आणखी एक टास्क लावला जातो. हे टाळावयाचे, तर चालू टास्कांची एक यादी ठेवून प्रत्येकापुढे कारण, मुदत आणि जबाबदार माणसाचे नाव लिहावे, अमुक इतकी जागा भरली की टास्क आपोआप थांबेल अशी तजवीज करावी, आणि महिन्यातून एकदा ती यादी वाचून ज्याच्या नावाचा माणूस कचेरीत उरलेला नाही, तो टास्क आधी बंद करून मग चौकशी करावी.