पाटी पुसायची कोणी?

व्हेरिएबल जाहीर केलं की कोरी पाटी हाती येते, हा समज सी भाषेत पहिल्यापासून खोटा आहे. डेनिस रिची यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. तिच्यात स्टॅटिक व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतं, पण फंक्शनमधलं साधं व्हेरिएबल स्टॅकवर आधीच्या कामाचं जे उरलं असेल ते घेऊन येतं. ‘बेरीज’ला शून्य न देता लूप चालवला, तर चाचणीत त्या जागी नेमकं शून्य सापडतं आणि उत्तर बरोबर येतं, पुढे त्याआधी दुसरं एखादं फंक्शन चाललं की तोच हिशेब बिघडतो. त्या काळच्या यंत्रांवर प्रत्येक सूचना मोजूनमापून खर्चावी लागे, म्हणून ती सवलत समजण्यासारखी होती. यंत्रं वेगवान झाल्यावरही ती कित्येक दशकं तशीच राहिली, हे मात्र पटत नाही.

तिची किंमत 2008 साली दिसली. ओपनएसएसएल ही गुप्तलेखनाची लायब्ररी किल्ल्या बनवताना लागणाऱ्या यादृच्छिक आकड्यांसाठी इतर गोष्टींसोबत आरंभ न केलेली मेमरीही मिसळत असे. व्हॅलग्रिंड हे तपासणी साधन त्यावर तक्रार करी, म्हणून डेबियन या लिनक्स वितरणात 2006 साली दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांतल्या एका ओळीतून खरी यादृच्छिकताही आत येत होती. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम 32,768 शक्यता. मुद्दाम न पुसता सोडलेली जागा आणि विसरलेली जागा कोडमध्ये सारखीच दिसत होती, खरा घोटाळा तो.

जावाने 1995मध्येच मूल्य न दिलेलं स्थानिक व्हेरिएबल वाचू देण्यास नकार दिला होता. लिनक्स कर्नलमध्ये 2019 साली, तर जीसीसी या सी कंपायलरमध्ये 2022 साली मेमरी आपोआप पुसण्याची सोय आली. वेग घटेल ही हरकत मोठ्या बफरपुरती खरी आहे. इतरत्र निरर्थक लेखन कंपायलर बहुतेकदा स्वतःच गाळतो, आणि बफर न पुसता ठेवायचा तर तसं उघड लिहावं. कंपायलरच पुसणार असेल तर सुरुवातीचं मूल्य आपण का लिहायचं, हा आक्षेप अधिक वजनाचा. पण पुसलेली पाटी म्हणजे योग्य उत्तर नव्हे. युनिक्समध्ये शून्य हा रूट वापरकर्त्याचा क्रमांक आहे. ओळख पटण्याआधी त्या जागी आपोआप शून्य पडलं, तर अनोळखी माणसाच्या हाती सर्वाधिकार जातात. तिथे उणे एक लिहायचं, हे कंपायलरला कुठून कळणार?