जुना बीबीएस इंटरनेटला जोडताना



१५ जानेवारी १९९४ ला ॲमस्टरडॅममध्ये 'डिजिटल शहर' (डच नाव 'द डिखिताले स्ताद') सुरू झालं. मोडेमने फोन लावायचा, अक्षरांचा मेन्यू यायचा, मग गप्पा आणि वादावादी. प्रयोग दहा आठवड्यांचा होता, चालला अनेक वर्षं.

असा जुना बीबीएस आज चालवायचा तर फोनलाइनचा भरवसा नाही. केपीएनने २०१९ मध्ये आयएसडीएनही बंद केलं, आणि इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये मोडेमचा आवाज नीट टिकत नाही. उपाय सोपा आहे. सीरियल पोर्टला छोटा वायफाय मोडेम लावायचा. टेलनेटने कोणी आलं की तो 'रिंग' म्हणतो, बीबीएस 'एटीए' म्हणून फोन उचलतो. बिचाऱ्याला वाटतं, खरंच फोन आलाय!

खरी गोम पुढे आहे. पूर्वी एका लाइनवर एकच माणूस यायचा, तोही फोनचे पैसे मोजून. आता पोर्ट २३ उघडलं की बॉट्स पासवर्ड ठोकत बसतात (२०१६ चा मिराय असाच पसरला) आणि एकुलती लाइन अडते. शिवाय टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जातो. म्हणून मी म्हणेन, पुढे एसएसएच ठेवा आणि सगळे पासवर्ड नवे करा.

आणि जुने निरोप? ते लोकांनी चार ओळखीच्यांसाठी लिहिले होते, गूगलसाठी नव्हे. लिहिणाऱ्यांना विचारल्याशिवाय ते उघडे करू नयेत, असं मला वाटतं. वायर जोडायला एक संध्याकाळ पुरते, माणसं शोधायला महिने लागतील. पण तेवढं करायलाच हवं.