परदेशची शिक्षकी आणि कराराचा कागद

बारामती-इंदापूरकडील मंडळींस करार म्हणजे काय, हें सांगावयास नको. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला, कीं ऊसतोडीच्या टोळ्यांस उचल दिली जाते. आणि एकदां उचल घेतली, कीं ती फिटेपर्यंत मनुष्य बांधला गेला, हें या भागांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा सून इंग्रजी शिकविण्यासाठीं परदेशीं निघाली, म्हणजे सामानाची यादी दहा वेळां तपासली जाते, कराराचा कागद मात्र कोणी वाचीत नाहीं. शिकलेल्या माणसास कोण अडविणार, असा आपला समज असतो.

हा समज किती पोकळ आहे, हें धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रावरून दिसेल. गोव्यांतील साखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेले हे पालिपंडित १९१० मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठीं गेले. प्रोफेसर लॅन्मन यांच्या देखरेखीखालीं काम चाललें असतां ग्रंथावर संपादक म्हणून नांव कोणाचें यावें, यावरून उभयतांत वितुष्ट आलें व १९१२ सालीं कोसंबी स्वदेशीं परतले. पुढें ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकवूं लागले. १९१८ मध्यें ते पुन्हां हार्वर्डला गेले. तथापि ग्रंथ छापून निघण्यास १९५० साल उजाडलें. तेव्हां कोसंबी हयात नव्हते. एवढ्या विद्वानाची ही कथा, तर सामान्य शिक्षकाची काय!

कोसंबींस निदान परत येतां आलें. आज पुष्कळ देशांत शिक्षकाचा व्हिसा मालकाशीं जोडलेला असतो; नोकरी सुटली, कीं राहण्याचा आधारहि सुटतो. आपल्याकडील १९८३ च्या परदेशगमनविषयक कायद्यान्वयें कमी शिकलेल्या कामगाराची, आखाती व इतर कांहीं देशांस जाण्यापूर्वीं, सरकारी तपासणी ठरली. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती माफ झाली. परिचारिकांस ती २०१५ मध्यें पुन्हां लागू केली, शिक्षकांस नव्हे. म्हणजे शिक्षकास आपला कागद स्वतःच वाचतां येतो, असें सरकारनें गृहीत धरिलें.

तो वाचतांना पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात. पगार किती व कोणत्या तारखेस. आठवड्याचे तास किती. सुटींत वेतन मिळतें काय. घरभाडें व परतीचें भाडें कोणाकडे. मध्येंच नोकरी सोडल्यास भरपाई किती. सौदी अरेबियांत वाद उपस्थित झाल्यास कराराची अरबी प्रतच प्रमाण मानतात. म्हणजे भाषा शिकवावयास गेलेला मनुष्य, स्वतःस न वाचतां येणाऱ्या भाषेनें बांधला जातो! तेव्हां सही करण्यापूर्वींच जाणत्याकडून भाषांतर करवून घ्यावें. पासपोर्टहि मालकाच्या स्वाधीन करूं नये. १९६७ च्या कायद्यानें तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. अडचण आलीच, तर आपल्या वकिलातीकडे लेखी तक्रार करावी.

आमच्या एकत्र कुटुंबांत कागद वाचणारें एखादें वडील माणूस असतेंच. निघण्यापूर्वीं करार त्यांच्यापुढें मोठ्यानें वाचावा, न समजलेलें कलम पत्रानें विचारून घ्यावें, आणि सही झालेली एक प्रत घरीं ठेवूनच प्रवासास निघावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.