सैनिकाची पेन्शन, लेखांक 4 : निवृत्तीची तारीख आणि भरतीची तारीख

लष्करातला शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. केंद्र सरकारच्या कचेरीतला कर्मचारी मात्र साठीपर्यंत नोकरीत असतो आणि मधल्या प्रत्येक वेतन आयोगाची वाढ त्याच्या पगारात पडते. जवान तेव्हा घरी बसलेला असतो, मुले अजून शाळेत असतात. सेनेच्या पेन्शनचा सगळा वाद या वयाच्या फरकातून निघालेला आहे.

नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात तयार झालेले दोन हवालदार घ्या. दोघांची सेवा सारखी, पण एक 1995 मध्ये निवृत्त झाला आणि दुसरा 2010 मध्ये. मध्ये पगार वाढले, आणि पेन्शन अखेरच्या वेतनावर ठरत असल्याने वयाने मोठ्या, औषधपाण्याची गरज जास्त असलेल्या माणसाच्या हाती कमी रक्कम येऊ लागली. राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, 2011 मध्ये माजी सैनिकांची मागणी रास्त ठरवली. 7 नोव्हेंबर 2015 रोजी ‘वन रँक वन पेन्शन’चा आदेश निघाला आणि तो 1 जुलै 2014 पासून लागू झाला.

हिशेब असा : 2013 मध्ये त्याच हुद्द्यावरून, तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पेन्शन घ्यायची आणि दोन्हींची सरासरी जुन्यांना लावायची. सरासरीपेक्षा जास्त मिळत असेल, तर ती रक्कम तशीच राहते. ही फेरआखणी दर 5 वर्षांनी होते. वाढ आपोआप मिळावी अशी माजी सैनिकांची मागणी होती. 16 मार्च 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे धोरण वैध ठरवले, मात्र 1 जुलै 2019 पासूनची फेरआखणी करण्यास सांगितले. मंत्रिमंडळाचा निर्णय डिसेंबर 2022 मध्ये आला. लाभार्थी 25 लाखांहून अधिक, थकबाकी 23,638 कोटी रुपये. ती हप्त्यांनी द्यायची ठरली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्याच पैशासाठी हप्त्यांची वाट पाहायला लावणे योग्य नव्हते. न्यायालयाने मार्च 2023 मध्ये कुटुंब-निवृत्तिवेतनधारक, शौर्यपदकविजेते आणि सत्तरीपुढचे यांना आधी देण्याचे वेळापत्रक घालून दिले.

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि प्रश्नच बदलला. या योजनेतून भरती होणाऱ्या जवानाची, म्हणजे अग्निवीराची, सेवा 4 वर्षांची असते. पहिल्या वर्षी 30,000 रुपये वेतन, त्यातले 30 टक्के निधीत जातात आणि सरकार तेवढीच भर घालते. अखेरीस व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये ‘सेवानिधी’ म्हणून करमुक्त मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. एका तुकडीतले 25 टक्क्यांपर्यंतच कायम होतात. त्यांना पुढे किमान 15 वर्षे सेवा करावी लागते.

10 ऑक्टोबर 2024 रोजी देवळालीत गोळीबाराच्या सरावात तोफगोळ्याच्या स्फोटाने दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. सेवेमुळे मृत्यू आल्यास अग्निवीराच्या घरी 48 लाखांचा विमा, 44 लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचे वेतन पोहोचते. जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान त्याच तोफेपाशी गेला असता, तर त्याच्या घरच्यांना दरमहा कुटुंब-निवृत्तिवेतनही सुरू झाले असते.